पोषण, गर्भधारणापूर्व व गर्भकालीन

स्त्रीला गर्भधारणेपूर्वी आणि गर्भावस्थेत मिळणाऱ्या अन्नाचा तिच्या गर्भाच्या वाढीवर व त्या गर्भातून जन्मणाऱ्या व्यक्तीच्या पुढील आयुष्यातील आरोग्यावर होणारा परिणाम, हा या नोंदीचा विषय आहे. गर्भवतीला पोटभर व चांगले अन्न मिळावे, हा विचार जुना आहे. मात्र मधुमेह, हृद्रोग, रक्तदाबाधिक्य यांसारख्या प्रौढ वयातील विकारांचा पाया काही अंशी गर्भाशयातच घातला जातो, हे ज्ञान विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतील आहे. या ज्ञानात महाराष्ट्रातील खेड्यांत झालेल्या संशोधनाचा वाटा मोठा आहे.

पूर्वेतिहास : आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत गर्भिणीच्या आहारविहाराचा स्वतंत्र विचार आढळतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने प्रत्येक महिन्यात कोणता आहार घ्यावा हे सांगितले असून त्यात दूध व तूप यांना महत्त्वाचे स्थान आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापासून गर्भिणीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदये असलेली, म्हटले आहे. मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द याच कल्पनेशी निगडित आहे. महाराष्ट्रात रूढ असलेले डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात करतात. गर्भवतीचे कौतुक म्हणून हा संस्कार मोलाचा असला, तरी तोपर्यंत गर्भाचे बहुतेक अवयव आकारास आलेले असतात, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

आधुनिक काळात इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचे डेव्हिड बार्कर यांनी १९८६ मध्ये असे दाखवून दिले की, इंग्लंड व वेल्समधील ज्या भागांत १९२१–२५ या काळात बालमृत्यूंचे प्रमाण अधिक होते, त्याच भागांत पुढे १९६८–७८ या काळात हृद्रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाणही अधिक होते. हर्टफर्डशर परगण्यातील सुइणींनी नवजात मुलांच्या वजनांच्या नोंदी काळजीपूर्वक जपून ठेवल्या होत्या. त्यांवरून १९८९ मध्ये असे आढळून आले की, जन्मतः व पहिल्या वाढदिवशी ज्यांचे वजन कमी होते, अशा पुरुषांत पुढे हृद्रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक होते. १९९२ मध्ये निकोलस हेल्स व बार्कर यांनी ‘काटकसरी शरीररचने’ची उपपत्ती मांडली. अन्नाचा तुटवडा असताना गर्भ मेंदूचे पोषण राखतो आणि त्यासाठी अग्निपिंड, स्नायू, वृक्क इ. अवयवांच्या वाढीत काटकसर करतो. पुढे भरपूर अन्न मिळू लागले की ही काटकसर अंगाशी येते, असे या उपपत्तीचे सार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदर्लंड्सच्या पश्चिम भागात पडलेल्या दुष्काळाने या विचाराला वेगळा आधार मिळाला. या काळात प्रौढांचा अधिकृत शिधा दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींपर्यंत खाली आला होता. गर्भावस्थेच्या मधल्या वा शेवटच्या महिन्यांत ज्यांच्या मातांची उपासमार झाली, ती मुले हलक्या वजनाची जन्मली. याउलट पहिल्या महिन्यांत उपासमार होऊन नंतर अन्न मिळालेल्या मातांची मुले जन्मतः साधारण वजनाची होती, परंतु पुढे त्यांच्यात हृद्रोगाचे प्रमाण अधिक आढळले. जन्मवजन हा गर्भाच्या पोषणाचा केवळ एक ढोबळ निर्देशक आहे आणि गर्भावस्थेचा आरंभीचा काळ विशेष नाजूक असतो, असे दोन निष्कर्ष यावरून निघतात.

पुणे जिल्ह्यातील अभ्यास : पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी साउदॅम्प्टनच्या संशोधकांसह १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत मातृपोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. सु. अडीच हजार विवाहित स्त्रियांची मापे गर्भधारणेपूर्वीच घेण्यात आली आणि पुढे त्यांपैकी सु. ८०० गर्भवतींचा आहार, श्रम व रक्तातील घटक यांच्या नोंदी ठेवण्यात आल्या. या स्त्रियांची सरासरी उंची सु. १५२ सेंमी. व गर्भधारणेपूर्वीचे वजन सु. ४२ किग्रॅ. होते. गर्भावस्थेच्या अठराव्या आठवड्यात त्यांच्या दैनिक आहारात सु. १,८०० कॅलरी ऊर्जा व ४५ ग्रॅ. प्रथिने होती. त्यातच शेतकाम, पाणी आणणे व घरकाम यांचे श्रम चालूच होते. ज्यांचे श्रम अधिक, त्यांची मुले लहान असल्याचे दिसून आले.

येथील नवजात मुलांचे सरासरी वजन २·७ किग्रॅ. भरले, तर साउदॅम्प्टन येथील मुलांचे ३·५ किग्रॅ. होते. मात्र ही मुले सर्वच दृष्टींनी सारख्या प्रमाणात लहान नव्हती. त्यांचे स्नायू व पोटातील अवयव बरेच लहान होते, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. वजनाने हलके परंतु चरबीचे प्रमाण अधिक, असे हे ‘कृश-मेदयुक्त’ मूल भारतीय मधुमेहाचे कोडे उलगडण्यास उपयोगी पडले. भारतीयांना पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात आणि कमी वजन असतानाही मधुमेह का होतो, याचे एक उत्तर जन्मतःच असलेल्या या शरीररचनेत आहे.

आहाराविषयीचा निष्कर्ष अधिक उद्‌बोधक आहे. मातेने घेतलेल्या एकूण ऊर्जेचा वा प्रथिनांचा मुलाच्या आकारमानाशी स्पष्ट संबंध आढळला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर खाणाऱ्या मातांची मुले मात्र आकाराने मोठी होती. सु. दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेटाची (फॉलिक अम्लाची) न्यूनता मात्र क्वचितच आढळली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या मातांमध्ये ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षी इन्शुलिनाला होणारा शरीराचा रोध सर्वांत अधिक होता. ही मुले आता प्रौढ झाली आहेत. त्यांच्यातील अनेक तरुण सडपातळ असूनही त्यांच्या रक्तातील शर्करा मर्यादेबाहेर जाऊ लागल्याचे पाहणीत दिसून आले आहे.

कार्यपद्धती : गर्भाचे पोषण म्हणजे मातेच्या ताटातील अन्न थेट गर्भाला मिळणे नव्हे. मातेचा साठा, तिचे रक्ताभिसरण, वारेची वाढ व वारेतून होणारे पोषकद्रव्यांचे वहन या सर्व टप्प्यांवर ते अवलंबून असते. प्रत्येक अवयवाच्या घडणीचा काळ ठरलेला असतो व तो एकदा निघून गेला की भरून काढता येत नाही. मेंदू व मेरुरज्जू ज्या तंत्रिका नलिकेपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सु. २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचे स्त्रीच्या नुकतेच लक्षात येत असते, त्या सुमारास हे कार्य पुरे झालेले असते. म्हणून या नलिकेतील जन्मजात दोष टाळण्यासाठी फॉलिक अम्ल गर्भधारणेपूर्वीच सुरू करावे लागते. वृक्कातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म एककांची संख्या गर्भावस्थेच्या सु. ३६ व्या आठवड्यापर्यंत निश्चित होते व जन्मानंतर त्यांत भर पडत नाही. ही संख्या कमी राहिल्यास पुढे रक्तदाब वाढण्याची शक्यता असते.

दुसरी कार्यपद्धती जनुकांच्या कार्याशी संबंधित आहे. पोषणामुळे जनुकांची रचना बदलत नाही. मात्र कोणते जनुक किती कार्य करील याचे नियमन करणाऱ्या रासायनिक खुणांवर परिणाम होतो. मिथिल गट जोडून केल्या जाणाऱ्या या खुणांसाठी फोलेट व ब-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. पुणे अभ्यासातील या दोहोंच्या असंतुलनाचे महत्त्व यावरून कळते. तिसरी गोष्ट पिढ्यांची आहे. स्त्रीगर्भाच्या अंडाशयांतील अंडकोशिका ती स्वतः मातेच्या उदरात असतानाच तयार होतात. त्यामुळे आजीच्या पोषणाची छाया नातवंडांपर्यंत पोहोचू शकते.

जन्मानंतरची वाढही तितकीच महत्त्वाची आहे. दिल्ली येथे १९६९–७२ या काळात जन्मलेल्या मुलांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा करण्यात आला. पहिल्या दोन वर्षांत बारीक असलेली व त्यानंतर उंचीच्या मानाने झपाट्याने वजन वाढलेली मुले तरुणपणी मधुमेहाकडे अधिक प्रमाणात झुकलेली आढळली. गर्भात काटकसर व नंतर विपुलता, हा क्रम अपायकारक ठरतो.

मुंबईतील प्रयोग : निरीक्षणावरून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, त्यासाठी प्रयोग करावा लागतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात असा प्रयोग झाला. त्यात सु. साडेसहा हजार स्त्रियांची यदृच्छ पद्धतीने दोन गटांत विभागणी करून एका गटाला पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ आणि दुसऱ्या गटाला सूक्ष्म पोषकद्रव्ये कमी असलेला खाऊ, गर्भधारणेच्या आधीपासून रोज देण्यात आला. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता मुलांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने खाऊ घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांचे वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅ. अधिक भरले. गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण दुसऱ्या गटात १२·४ टक्के, तर पहिल्या गटात ७·३ टक्के होते. अतिशय कृश असलेल्या मातांच्या मुलांना वजनाच्या दृष्टीने या खाऊचा लाभ झालेला दिसला नाही. जिचे स्वतःचे शरीर लहानपणापासून उपाशी राहिले आहे, तिची उणीव काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही, हा यातील महत्त्वाचा धडा आहे.

वर्धा जिल्हा : आहार व ग्रामीण आरोग्य यांच्या इतिहासात वर्धा जिल्ह्याला विशेष स्थान आहे. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्यातील मगनवाडी येथे जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली चालले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल व गूळ यांचा पुरस्कार तेथून झाला. मगनवाडीत राहत असताना महात्मा गांधींनी १९३५ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकातून हिरव्या पाल्याचे व सोयाबीनचे अन्नमूल्य यांवर लिहिले. साठ वर्षांनंतर पुणे जिल्ह्यात पालेभाज्यांचे जे महत्त्व मोजमापाने दिसून आले, त्याकडे लक्ष वेधण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होय. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहावयास गेले. त्यांच्या वैद्यकीय सहकारी व पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री (१९६२–६७) झालेल्या सुशीला नायर यांच्या प्रयत्नांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांनी खेड्यात मुक्काम करून कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी करावी, ही तेथील प्रथा आहे. २००३ ते २००८ या काळात या संस्थेने जिल्ह्यातील ६७ गावांत माता व बालके यांच्या आरोग्याचा लोकसहभागी प्रकल्प राबविला. स्त्रियांचे बचत गट व ‘किशोरी पंचायत’ नावाचे किशोरवयीन मुलींचे गट ही त्याची अंगे होती. मातृपोषणाचे काम मातृत्वापूर्वी मुलींपासून सुरू करण्याची दिशा त्यात दिसते.

२०११ च्या जनगणनेनुसार सु. १३ लाख लोकसंख्येचा हा जिल्हा कापूस, सोयाबीन व तूर यांचा आहे. पूर्वी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी व जवसाची चटणी हा येथील शेतकरी कुटुंबाचा नेहमीचा आहार होता. नगदी पिकांमुळे ज्वारीचे क्षेत्र घटले आणि तिची जागा बव्हंशी शिधापत्रिकेवरील गहू-तांदळाने घेतली. सोयाबीन शेतात भरपूर पिकले, तरी ते बाजारात जाते. घरच्या ताटात क्वचितच येते. कापूस वेचणी हे मुख्यतः स्त्रियांचे काम. वेचणीच्या हंगामात गर्भवतीही दिवसभर वाकून काम करते व घरी आल्यावर सर्वांच्या मागून जेवते. विदर्भात दात्रकोशिका विकार (सिकलसेल) आढळतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. अशा स्त्रीचा रक्तक्षय केवळ लोहाच्या गोळ्यांनी भरून येत नाही, म्हणून रक्ताची तपासणी लवकर होणे आवश्यक असते.

मूल पोटात मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, या भीतीने गर्भवतीने कमी खावे असा समज अनेक ठिकाणी आढळतो. बुटक्या, लहान चणीच्या स्त्रीला अडलेल्या बाळंतपणाचा धोका खरोखरच अधिक असल्याने या समजामागे अनुभवाचा अंश आहे. मात्र त्यावरचा उपाय गर्भाला उपाशी ठेवणे हा नसून, वेळेवर तपासणी व रुग्णालयात प्रसूती हा आहे. आईचे खुजेपण हे तिच्या बालपणीच्या उपासमारीचे फळ असते. कमी खाण्याने तेच पुढच्या पिढीकडे जाते.

आहार : गर्भावस्थेत भारतीय स्त्रीला नेहमीपेक्षा दररोज सु. ३५० कॅलरी अधिक लागतात. प्रथिनांची गरज उत्तरार्धात विशेष वाढते. संपूर्ण गर्भावस्थेत सु. १,००० मिग्रॅ. लोह लागते. साठा रिकामा असलेल्या स्त्रीला एवढे लोह केवळ अन्नातून मिळविणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस लोह व फॉलिक अम्लाची गोळी रोज देतात. धान्ये व डाळी यांतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. जेवणासोबत लिंबू, आवळा किंवा आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांत पिकणारी संत्री घेतल्यास हे शोषण वाढते, तर जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहाने ते घटते. मेथी, चवळी, पालक, अंबाडी व शेवग्याचा पाला यांतून फोलेट व इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, तिळातून कॅल्शियम व जवसातून आवश्यक वसाम्ल मिळते. ब-१२ जीवनसत्त्व मात्र कोणत्याही पालेभाजीत वा डाळीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते. घरचे सर्व दूध विकले जात असेल, तर शाकाहारी स्त्रीत त्याची उणीव निर्माण होते. तंबाखू, खर्रा व मिश्री ही वर्ज्य करणे आवश्यक आहे, कारण तंबाखूमुळे गर्भाची वाढ खुंटते.

अतिपोषणही निरपाय नाही. गर्भावस्थेत मातेची रक्तशर्करा वाढल्यास गर्भात चरबी साठते आणि अशा मुलालाही पुढे स्थूलता व मधुमेह यांचा धोका असतो. शहरात राहावयास गेलेल्या व लहानपणी कृश असलेल्या स्त्रियांत हे दोन्ही धोके एकत्र येतात.

योजना व उणिवा : भारतात गर्भवतींना लोह व फॉलिक अम्ल देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी आरंभलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडीमार्फत गर्भवती व स्तनदा मातांना पूरक आहार मिळू लागला. २०१७ पासून पहिल्या अपत्यासाठी मातांना आर्थिक साहाय्य देण्यात येऊ लागले आणि २०१८ मधील ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाने किशोरवयीन मुली व गर्भवती नसलेल्या तरुण स्त्रिया यांनाही आठवड्याच्या गोळीच्या कक्षेत आणले. तरीही व्यवहारात बहुतेक सेवा गर्भवतीची नोंद झाल्यावरच सुरू होतात आणि ही नोंद झाली, तरी पहिले निर्णायक आठवडे तोपर्यंत उलटून गेलेले असतात. शाळा सुटल्यापासून पहिल्या गर्भधारणेपर्यंतची मुलगी ना बालकांच्या योजनेत असते, ना मातांच्या. पोषणाच्या दृष्टीने हीच वर्षे सर्वांत मोलाची व सर्वांत दुर्लक्षित आहेत. विवाहानंतर लगेच व कमी वयात होणारी गर्भधारणा लांबविणे, मुलीला घरात भावाच्या बरोबरीने दूध, अंडे व भाजी मिळणे, वेचणीच्या हंगामात गर्भवतीचे श्रम कमी करणे आणि तिने सर्वांच्या मागून न जेवता घरच्यांबरोबर जेवणे, हे उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. पण त्यांचा परिणाम गोळीपेक्षा कमी नाही.

मर्यादा : गर्भकालीन पोषण म्हणजे विधिलिखित नव्हे. कमी वजनाच्या प्रत्येक मुलाला मधुमेह होत नाही, तसेच चांगल्या वजनाचे प्रत्येक मूल निरोगी राहतेच असेही नाही. आनुवंशिकता, बालपणीचा आहार, संसर्ग, व्यायाम व व्यसने यांचाही वाटा असतो. प्रयोगांतून दिसणारे लाभ निरीक्षणांवरून वाटले त्यापेक्षा लहान आहेत. या ज्ञानाचा उपयोग मुलाच्या प्रत्येक विकारासाठी आईला दोष देण्याकडे होणे अन्यायाचे ठरेल. तिच्या ताटात काय पडते हे तिच्या एकटीच्या हाती नसून कुटुंब, शेती, मजुरी व शासन यांच्या हाती असते. स्वतः गर्भात व बालपणी उपाशी राहिलेल्या स्त्रीच्या शरीरातून पुढची पिढी घडते. म्हणून आजच्या लहान मुलीचे पोषण हेच पुढील पिढीतील मधुमेह व हृद्रोग यांच्या प्रतिबंधाचे पहिले पाऊल होय.